एफ-१६ चं इंजिन स्वतःच्या हातानं सुरू करायला शिकताना (डीसीएस) : अनुभव आणि प्रश्न

पॅटर्नवाला

नमस्कार मंडळी,

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपला (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवतात तिथं) आहे. विमानांचं वेड शाळेपासूनचं. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर सायकल लावून थांबायचो, तेव्हा तिथं विमान क्वचितच यायचं. आता घरी बऱ्यापैकी कॉम्प्युटर आहे आणि त्यावर डीसीएस वर्ल्ड, म्हणजे लढाऊ विमानं उडवायचा गेम. त्यात माझं विमान एफ-१६. धागा एकाच गोष्टीसाठी काढतोय, ती म्हणजे जेट इंजिन सुरू करणं. उडवणं, लढणं हे सगळं नंतर.

डीसीएसमध्ये डावं विंडोज बटण आणि होम एकत्र दाबलं की विमान स्वतःच एकेक स्विच टाकत जातं आणि इंजिन चालू होतं. दोन वर्षं मी तसंच करत आलो. गेल्या महिन्यात गेममधल्या बाटुमी विमानतळावरून उडालो. समुद्रावर असताना चुकून थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) ऑफचं बटण दाबलं गेलं आणि इंजिन विझलं. उंची भरपूर होती, वेळही होता, पण हात कुठं न्यायचा तेच मला माहीत नव्हतं. शेवटी पाण्यात गेलो. विमान आपलं म्हणायचं आणि त्याचं इंजिन कसं पेटतं हे ठाऊक नाही, हे मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशीपासून रोज रात्री जेवण झालं की तासभर फक्त पार्किंगला बसतो. सगळे स्विच बंद, विमान थंड. तिथनं सुरुवात.

पहिला आठवडा वाया गेला, कारण व्हिडिओ बघून स्विचांचा क्रम पाढ्यासारखा पाठ केला. मध्ये कुणी हाक मारली की साखळी तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मग वही घेतली आणि प्रत्येक स्विचपुढं एकच गोष्ट लिहिली: हा टाकल्यावर कशाची वाट बघायची? तिथून चित्र पालटलं.

एफ-१६ च्या पोटात एक छोटं गॅस टर्बाइन आहे, जेट फ्युएल स्टार्टर, थोडक्यात जेएफएस. ते गिअरबॉक्समधून मोठ्या इंजिनाला फिरवतं. त्या छोट्याला फिरवायला अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाबून ठेवलेलं हायड्रॉलिक तेल. म्हणजे साठवलेला दाब छोट्याला फिरवणार आणि छोटं मोठ्याला.

मेन पॉवरचा स्विच आधी बॅटरीवर, मग मेन पॉवरवर. जेएफएसचा स्विच 'स्टार्ट २' वर. ('स्टार्ट १' एकच अ‍ॅक्युम्युलेटर वापरतो, 'स्टार्ट २' दोन्ही.) 'रन' दिवा लागतो आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिन फिरण्याच्या वेगाचा, काटा हलतो. पाच टक्के, नऊ, चौदा. इथं हात मांडीवर. वीस टक्के झाले की मगच थ्रॉटल ऑफवरून आयडलवर (इंजिन सगळ्यात संथ चालतं ती जागा) न्यायचा. मग डोळे तापमानाच्या काट्यावर, म्हणजे एफटीआयटीवर. तो वर उसळी घेतो आणि खाली येऊन स्थिरावतो. साधारण ५५ टक्क्यांना जेएफएस आपणहून सुटतं, ६० च्या आसपास जनरेटर लागतात. आयडलला आरपीएम ६२ ते ८० च्या मध्ये आणि तापमान ६५० अंशांच्या आत दिसलं की इंजिन आपल्या पायावर उभं आहे.

वीसच टक्के का? जेटमध्ये हवा आत ओढायचं काम कॉम्प्रेसर करतो, आणि कॉम्प्रेसरला फिरवतं मागचं टर्बाइन, आणि टर्बाइन फिरतं जळलेल्या गॅसवर. जो गॅस अजून जळलाच नाही त्यावर टर्बाइन फिरणार कसं? म्हणून पहिला जोर बाहेरचा लागतो. पुरेशी हवा यायच्या आत इंधन सोडलं तर जाळ होतो, पण तो थंड करायला हवा नसते. पाती भाजतात. याला हॉट स्टार्ट म्हणतात. उलट, पेटलं पण वेग एका जागी अडकला तर तो हंग स्टार्ट. दोन्हीला उपाय एकच: थ्रॉटल परत ऑफ.

आणखी कोण शिकतंय? कुठं अडलात ते लिहा.

---

सायबरचौक

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एफ-१६ ची चौदा दिवसांची फुकट ट्रायल घेतलीय, त्यातले पाच संपले. तुम्ही लिहिलंय तेच सगळं करतो. काटा वीसवर जातो, मी थ्रॉटल पुढं ढकलतो आणि काहीच होत नाही. काटा तिथंच. काय चुकतंय?

---

सातासमुद्रापार

@सायबरचौक, काहीही चुकत नाही. तुझ्या टेबलावरच्या थ्रॉटलचं शून्य म्हणजे विमानाचं आयडल. विमानात मात्र आयडलच्याही मागं ऑफ नावाची जागा आहे आणि तिथून थ्रॉटल मुद्दाम आयडलवर आणावा लागतो. कंट्रोलच्या सेटिंगमध्ये थ्रॉटल आयडल आणि थ्रॉटल ऑफ अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्यांना बटणं बांध. वीस टक्क्यांना ते आयडलचं बटण दाब. दांडा पूर्ण मागं ओढलेला असू दे.

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या बाहेर असतो. माझं विमान एफ/ए-१८ हॉर्नेट. तिथं दोन इंजिनं, आणि जेएफएसऐवजी एपीयू, म्हणजे वीज आणि हवा पुरवणारं छोटं जादा इंजिन. बॅटरी, मग आगीच्या यंत्रणेची चाचणी ए आणि बी, मग एपीयू चालू करून हिरवा दिवा. इंजिन क्रँक उजवीकडं, दहा टक्क्यांच्या वर गेलं की उजवा थ्रॉटल आयडलला. उजवं आधी, कारण ब्रेकचा हायड्रॉलिक दाब त्या बाजूनं येतो. उजवं ६३ ते ७० टक्क्यांच्या मध्ये स्थिरावलं की ब्लीड एअरचा (चालू इंजिनातून काढून घेतलेल्या हवेचा) खटका पूर्ण एक फेरा फिरवून परत नॉर्मलवर आणायचा.

हा फेरा मी महिनाभर डोळे झाकून फिरवत होतो. का, ते नंतर कळलं: आगीची चाचणी घेताना ब्लीडचे व्हॉल्व्ह बंद होतात, ते या फेऱ्यानं परत उघडतात. फेरा विसरलात तर इंजिनांमधून कॉकपिटला येणारी हवा बंदच राहते. पॅटर्नवाले म्हणतात तसंच आहे. कारण कळलं त्या दिवसापासून मी तो खटका एकदाही विसरलेलो नाही.

---

गुऱ्हाळघर

माझ्याकडं कॉम्प्युटर गेम नाही, पोरगा खेळतो. पण ती वीस टक्क्यांची गोष्ट वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या गुऱ्हाळावर घाण्याला जुनं ऑइल इंजिन होतं. एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना जड चाकं. वडील हँडल मारायचे तेव्हा डोक्यावरची कळ उचलून धरायचं काम माझं. कळ वर असेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, आत दाब धरत नाही, म्हणून चाक हातानं फिरतं. चाकानं वेग घेतला की वडील म्हणायचे, "सोड." कळ सोडली की दाब बसायचा आणि ठक्‌, ठक्‌, ठक्ठक्‌ करून इंजिन धरायचं. लवकर सोडली तर हँडल उलटं झटका देतं, मनगट मोडायची भीती. उशीर केला तर वडलांचा दम संपायचा. मी दहा वर्षांचा असेन. चाकाच्या आवाजावरून "सोड" म्हणायच्या आधीच मला कळायला लागलं होतं.

तुमच्या विमानात तो आवाज येतो का?

---

पॅटर्नवाला

@गुऱ्हाळघर, तुम्ही मला तीन आठवड्यांत जे शब्दात धरता आलं नाही ते धरून दिलंत. हो, आवाज येतो. जेएफएसची आधी बारीक शीळ, मग खालून घरघर चढत जाते आणि पेटल्यावर एक दबका 'हुप्प' आवाज. काल तुमचा प्रतिसाद वाचून काट्यावर कागद चिकटवला आणि नुसत्या आवाजावर वीस टक्के ओळखायचा प्रयत्न केला. चौथ्या वेळी जमलं.

आणि हातानं सुरू व्हायची जेट इंजिनंही होती बरं का. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट २६२ च्या युमो ००४ इंजिनाच्या तोंडातच, मधल्या नाकाडात, रीडेलचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं असायचं. ते विजेवर सुरू व्हायचं, नाही झालं तर पुढच्या कडीला धरून दोरी ओढायची. जगातलं पहिलं जेट विमान हाइन्केल १७८ उडालं २७ ऑगस्ट १९३९ ला, आणि पाच-सहा वर्षांच्या आत लढाऊ जेट दोरी ओढून सुरू होत होतं.

---

टर्बाइनकाका

मी कागल भागातल्या एका साखर कारखान्यात पॉवर हाउसला अठ्ठावीस वर्षं काढली. स्टीम टर्बाइन. एक शंका आहे, कुणी समजावून सांगेल का?

आमचं टर्बाइन गाळप हंगामाच्या सुरुवातीला सुरू करायचं म्हणजे दिवसाचं काम. आधी लाइनी तापवायच्या, ड्रेन उघडून पाणी काढायचं, मग हळू वेगावर फिरवत ठेवायचं, केसिंग (बाहेरचं कवच) आणि रोटर (आतला फिरता भाग) सारखे तापेपर्यंत. घाई केली तर रोटर एकीकडं वाढतो, केसिंग दुसरीकडं आणि आत घासतं. बंद केल्यावरसुद्धा बॅरिंग गिअर लावून रोटर हळू फिरवत ठेवतो, नाहीतर गरम रोटर वाकतो.

आणि तुम्ही म्हणता एक मिनिटाच्या आत इंजिन शून्यावरनं आयडलला! तापायला वेळ नको?

---

सातासमुद्रापार

काका, फार नेमका प्रश्न. फरक जाडीचा. तुमच्या टर्बाइनला दाबाची वाफ कोंडून धरायची असते, म्हणून केसिंग जाड लोखंडाचं आणि रोटर भरीव. विमानात वजन हा शत्रू, म्हणून पत्रे पातळ, रोटर पोकळ आणि पाती बारीक. पातळ वस्तू सगळीकडून लवकर आणि सारखी तापते.

पण रोटर वाकण्याची तुमची भीती जेटमध्येही खरी आहे. गरम इंजिन बंद करून तसंच उभं ठेवलं की वरची बाजू गरम राहते, खालची थंड होते आणि रोटर कमानीसारखा किंचित वाकतो. एअरबस ए-३२० निओच्या नव्या इंजिनांना म्हणूनच पेटवण्याआधी नुसतं फिरवत ठेवावं लागतं. प्रवाशांना वाटतं विमान उगाच उभं आहे.

---

टर्बाइनकाका

म्हणजे बॅरिंग गिअरचंच काम. समजलं. समाधान झालं.

---

शाहूपुरी_पाचवी

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मला दिवसाला पाऊण तास मिळतो, तोही मुलं झोपल्यावर. त्यातली दहा-बारा मिनिटं स्विच टाकण्यात घालवली तर उडणार कधी? आपोआप सुरू करायची सोय दिलीय ती वापरायलाच दिलीय. इंजिन सुरू करता येणं हा विमान उडवण्याचा एक कोपरा आहे, सगळं घर नव्हे. मी एफ-१६ मध्ये रोज सरळ धावपट्टीवर, इंजिन चालू अशीच सुरुवात करतो आणि माझं लँडिंग आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगलं आहे.

---

पॅटर्नवाला

राग कसला. तुमचा हिशेब रास्त आहे आणि इंजिनाला मुळात दहा मिनिटं लागतही नाहीत. जेएफएसपासून आयडलपर्यंत मिनिटभराचं काम. वेळ खातं ते आयएनएस, म्हणजे विमानाला आपण कुठं उभे आहोत आणि उत्तर कुठं आहे हे समजणं. एफ-१६ मध्ये नॉर्मल अलाइनमेंटला आठ मिनिटं, आणि आधीची दिशा साठवलेली असेल तर स्टोअर्ड हेडिंगला दीड मिनिट. तुमच्यासारख्याला स्टोअर्ड हेडिंग हा उत्तम मधला मार्ग. मिशन तयार करतानाच तो पर्याय निवडता येतो.

पण एका ठिकाणी मी तुमच्याशी सहमत नाही. माझं इंजिन हवेत विझलं तेव्हा उतरायची कला माझ्याही हातात होती. मला ती वापरायची संधीच मिळाली नाही.

---

निवृत्त वायुसैनिक

मंडळी, वाचून बरं वाटलं. मी हवाई दलात इंजिनांवर काम केलं, त्यातली बरीच वर्षं मिग-२१ वर. गाव गडहिंग्लज तालुक्यात.

तुम्ही कॉकपिटच्या आतलं छान लिहिलंय. बाहेरचं थोडं मी सांगतो, कारण सुरू करणारा एकटा वैमानिक नसतो.

विमानासमोर वैमानिकाला दिसेल असा एक माणूस उभा असतो. बाजूला आग विझवायचं सिलिंडर घेऊन दुसरा. चाकांना अडण्या लावलेल्या. समोरचा माणूस आजूबाजू मोकळी आहे हे बघतो, हाताचा इशारा करतो, तेव्हाच वैमानिक स्टार्ट दाबतो. त्याच्या आधी सकाळी आम्ही सगळे एका रांगेत टारमॅकवरून चालायचो आणि खडा, स्क्रू, तारेचा तुकडा जे दिसेल ते वेचायचो. मिग-२१ चं हवेचं तोंड थेट नाकात. एक छोटा नट आत गेला तरी कॉम्प्रेसरच्या पात्यांची वाट लागते. एफ-१६ चं तोंड तर पोटाखाली, जमिनीच्या आणखी जवळ.

आणखी एक. कधीकधी इंधन आत जातं पण पेटत नाही. तेव्हा लगेच पुन्हा स्टार्ट करायचं नसतं. आत साचलेलं इंधन एकदम पेटलं तर मागून ज्वाळा निघते. थांबायचं, निचरा होऊ द्यायचा, मग इंधन न सोडता इंजिन नुसतं फिरवून आत राहिलेलं बाहेर काढायचं आणि त्यानंतरच दुसरा प्रयत्न. तरुण मुलांना हा थांबण्याचा वेळ सगळ्यात जड जायचा.

तुमच्या डीसीएसमध्ये मिग-२१ बिस आहे असं नातवानं दाखवलं. रशियन कॉकपिट जसंच्या तसं. बॅटरी, जनरेटर, इंधनाचे पंप यांची रांग मी स्क्रीनवर बोट ठेवून त्याला सांगितली. १९६३ पासून हवाई दलात असलेल्या या विमानाला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला. कितीतरी मिग आपल्या ओझरच्या कारखान्यात बांधले गेले. निरोपाच्या दिवशी टीव्हीवर इंजिनाचा आवाज ऐकला आणि डोळे भरून आले. नातवाच्या कॉम्प्युटरवर तो आवाज पुन्हा ऐकला, म्हणून हे लिहायला बसलो.

---

पॅटर्नवाला

साहेब, आपल्याला नमस्कार. डीसीएसमध्ये रेडिओच्या मेनूत ग्राउंड क्रू म्हणून पर्याय आहे. त्यांना सांगून चाकांच्या अडण्या लावता-काढता येतात. मी आजपर्यंत कधी बोललो नव्हतो त्यांच्याशी. आजपासून अडण्या लावूनच स्टार्ट, आणि डावीकडं-उजवीकडं मान वळवून बघितल्याशिवाय जेएफएस नाही.

---

रंकाळावेस

एक प्रश्न थोडा बाजूचा. गेल्या महिन्यात एटीआरनं, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानानं, प्रवास केला. जमिनीवर उभ्या विमानात शिरताना डाव्या बाजूचा पंखा थांबलेला, उजव्या बाजूचाही थांबलेला, पण इंजिनाचा आवाज चालू. हे कसं?

---

सातासमुद्रापार

एटीआर-७२ ला वेगळं एपीयू नसतं. म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून आतलं टर्बाइन चालू ठेवतात. वीज आणि थंड हवा मिळते, पंखा मात्र स्थिर. याला हॉटेल मोड म्हणतात. त्या इंजिनात गॅस तयार करणारा भाग आणि पंख्याला फिरवणारं टर्बाइन वेगवेगळ्या दांड्यांवर आहेत, म्हणून हे जमतं.

---

गुऱ्हाळघर

पोराला मिग-२१ किंवा एफ-१६ घेऊन द्यायचं तर डॉलरमध्ये पैसे मागतात. आधी फुकटात शिकायला काय आहे?

---

पॅटर्नवाला

डीसीएस स्वतः फुकट आहे. त्याबरोबर सुखोई-२५टी आणि टीएफ-५१ मस्टँग ही दोन विमानं आणि काळ्या समुद्राकाठचा कॉकेशसचा नकाशाही मिळतो. सुखोईत प्रत्येक स्विच माऊसनं दाबता येत नाही, सगळं की-बोर्डवर. उजवं शिफ्ट आणि एल म्हणजे वीज. मग उजवं ऑल्ट आणि होम म्हणजे डावं इंजिन, उजवं कंट्रोल आणि होम म्हणजे उजवं. बटणं कमी असली तरी काटे खरे आहेत. एका इंजिनाचा वेग आणि तापमान बसलेलं बघायचं आणि मगच दुसरं. सवय लावायला पुरेसं आहे.

कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम तरी हवी, ३२ असेल तर उत्तम, आणि एसएसडीवर भरपूर जागा मोकळी ठेवा. जॉयस्टिक नंतर घेतली तरी चालेल. स्टार्ट शिकायला माऊस पुरतो.

आणि पोराला वेळ असेल तर रविवारी दुकानात घेऊन या. मी सागवानाच्या तुकड्यांतून जेएफएस आणि मेन पॉवरचं पॅनेल बनवलंय, खरे टॉगल स्विच बसवून. थ्रॉटलच्या मागं एक लाकडी खाच केलीय, दांडा उचलल्याशिवाय ऑफवरून आयडलवर जात नाही. ती खाच तीन वेळा घासून नव्यानं केली, तेव्हा कुठं हाताला बरोबर लागली.

---

गुऱ्हाळघर

येतो. येताना गूळ आणतो.

---

सायबरचौक

झालं!!! ट्रायलचे दोन दिवस शिल्लक असताना. थ्रॉटल आयडलला बटण बांधलं. काल रात्री सव्वाअकराला, आधी अडण्या लावल्या, दोन्हीकडं बघितलं, स्टार्ट २, एकवीस टक्क्यांना आयडल. तापमान चढून खाली आलं. आरपीएम सत्तरच्या जवळ स्थिर. मी पाच मिनिटं काही न करता नुसता बसून होतो, आवाज ऐकत.

मग आयएनएस नॉर्मल, पूर्ण आठ मिनिटं, मग त्याचा खटका नॅव्हवर (नॅव्हिगेशन). अडण्या काढायला सांगितल्या. थोडा थ्रॉटल दिला, विमान हललं, पण वळतच नाही. पॅडल दाबलं तरी सरळ जातंय. गवतात गेलो.

---

सातासमुद्रापार

अभिनंदन! पुढच्या चाकाचं स्टिअरिंग चालू केलं नाहीस. स्टिकवर त्याचं बटण आहे. दाबलं की काचेच्या उजव्या बाजूला हिरवा दिवा लागतो. तो बघ, मगच ब्रेक सोड.

---

निवृत्त वायुसैनिक

शाब्बास. गवतातून विमान बाहेर काढलंस की आधी इंजिन बंद कर आणि हवेचं तोंड तपास. मग पुन्हा पहिल्यापासून.

---

सायबरचौक

हो आजोबा. आज रात्री.